दोन आधीचं अक्षर

१

देसांकाचा दिवस मिठाच्या पाण्यानं सुरू व्हायचा. आल्या आल्या कोट दाराबाहेरच्या खुंटीला अडकवायचा, पातेल्यात कोमट पाणी घ्यायचं, मोजून मीठ घालायचं आणि त्यात चौकोनी स्पंज बुडवून ठेवायचे. नोवी साद शहरातल्या त्या मेंदूच्या संस्थेत ती एकोणीस वर्षं हेच करत आली होती. बोटांची कातडी मिठानं पांढुरकी पडली होती. घरी रश्श्यात मीठ घालताना तिला कधी चाखून बघावं लागत नसे, चिमटीलाच कळायचं.

खोली एवढीशी. मध्ये खुर्ची, समोर पडदा, मागं टेबलावर साबणाच्या वडीपेक्षा थोडी मोठी डबी. डबीतून दोन तारा निघायच्या. एका तारेचा स्पंज कपाळाच्या डाव्या अंगाला, दुसरीचा उजव्या दंडाला, वरून रबरी पट्टा. मग डबीतून विजेची अगदी बारीक धार सोडायची. इतकी बारीक, की माणसाला कपाळावर मुंगी चालल्यासारखं वाटे, बस.

हे कशासाठी, तर आठवणीसाठी. जुन्या आठवणीसाठी नव्हे, ती म्हाताऱ्यांकडे पोत्यानं असते. हातातल्या आठवणीसाठी. शेगडीवर काय ठेवलं, या खोलीत कशाला आलो, आत्ता कुणी काय सांगितलं, ही जी घटकाभर मुठीत धरायची आठवण असते ना, ती म्हातारपणी आधी निसटते. विजेनं ती मूठ घट्ट होते का, हे तिथं बघत. धार चालू असताना पडद्यावर एकामागून एक अक्षरं यायची. आत्ताचं अक्षर दोन आधीच्या अक्षरासारखंच असेल तर हातातलं बटण दाबायचं. त, क, त आलं की दाब. त, क, म आलं की गप्प बस. ऐकायला पोरखेळ, पण दहा मिनिटांत चांगल्या चांगल्यांना घाम फुटायचा.

आणि एक गोष्ट होती. निम्म्या माणसांना वीज मिळतच नसे. पहिलं अर्धं मिनिट मुंग्या यायच्या, मग डबी आपोआप गप्प व्हायची. त्या माणसाला वाटायचं, चालू आहे. खरी बैठक कुणाची आणि खोटी कुणाची, हे प्रत्येकाच्या नावापुढं दिलेल्या पाच आकड्यांत दडलेलं असे. देसांका ते आकडे डबीत घालायची, पुढचं डबी जाणे. देसांकाला माहीत नाही, डॉक्टर तियानालाही नाही. उत्तर एका बंद पाकिटात, कपाटात.

पण एकोणीस वर्षं माणसांची कपाळं पुसणाऱ्या बाईपासून काय लपणार? खरी वीज गेली की स्पंजाखाली लाल चौकोन उमटतो, असं तिनं आपलं ठरवून टाकलं होतं. स्पंज काढला की ती बघायची आणि मनात म्हणायची, हा खऱ्याचा, हा खोट्याचा. कुणाला सांगायची नाही. तोवर त्यात काही पाप नव्हतं.

२

त्या वर्षी नोव्हेंबरात दोन माणसं एकापाठोपाठ यायची. सोमवार, बुधवार, शुक्रवार, अशा दहा बैठका. दहा वाजता स्वेतोलिक, अकराला विदोसावा.

स्वेतोलिक एक्क्याऐंशीचा. जन्मभर रेल्वेत डबे जोडायचं काम केलेलं. कधीकाळी डबे जोडायचा लोखंडी हूक लागून कपाळाला डावीकडे खळगा पडला होता, म्हणून त्याचा स्पंज देसांका दोन बोटं वर लावायची. बायको गेलेली, मुलगी लग्न करून दूर. तो देसांकाला पोरी म्हणायचा, पोरी चोपन्न वर्षांची असली तरी. बैठक झाली की तो एकच पाठ घोकायचा: "पाच नंबर. पोस्टाजवळ उतरायचं." तळहातावर लिहूनही ठेवायचा, पण हात धुतले की गेलं. म्हणून देसांका रोज आपलं कोपर त्याला धरायला देऊन खाली बसथांब्यापर्यंत न्यायची, पाच नंबरात बसवायची आणि ड्रायव्हरला सांगायची, यांना पोस्टाजवळ उतरव रे बाबा.

विदोसावा म्हणजे विदाकाकू, देसांकाच्याच इमारतीतली, समोरच्या दाराची. शाळेच्या खानावळीत तीस वर्षं स्वयंपाक केलेली, जिभेची तिखट आणि मनाची मऊ. देसांकाची आई चौदा महिने अंथरुणाला खिळली होती, तेव्हा देसांका कामावर असताना तिला कूस बदलून देणारी, तिचं घाण-मूत काढणारी हीच. त्याचे उपकार देसांका मानायला गेली की काकू म्हणायची, "गप गं. तुझी आई माझ्याशी पत्त्यात हरायची, ते काय कमी झालं?" तीच काकू आता दारात उभी राहून किल्ली कुठल्या खिशात ते आठवत बसायची. तिला इथं आणलं देसांकानंच.

पहिल्या दोन बैठकांत देसांकानं दोघांची कपाळं पाहिली. म्हाताऱ्याचं लालभडक. काकूचं कोरं, पिठासारखं.

तिसऱ्या बैठकीला तिनं म्हाताऱ्याचे आकडे काकूला घातले आणि काकूचे म्हाताऱ्याला. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पाहिलं नाही. मनाशी म्हणाली, त्याला रेल्वेचं पेन्शन आहे, मुलगी आहे, काकूला कोण आहे? जणू पेन्शननं बसचा नंबर लक्षात राहतो.

आणि काकू सुधारायला लागली. पाचवी, सहावी बैठक, गुण चढतेच. देसांकानं तिचं कपाळ पुन्हा निरखलं नाही. ज्याला चोरी पचवायची असते तो ताट परत बघत नाही.

३

सातव्या बैठकीचा सोमवार. कोशावा वारा सुटला होता, खिडक्या दातांसारख्या वाजत होत्या. स्वेतोलिकचं आटपलं, देसांकानं त्याचं कपाळ पुसलं, त्याला कोट घातला. तेवढ्यात विदाकाकू वेळेच्या आधीच आली, गाल लाल झालेले. तिला सकाळी उठल्या उठल्या बहिणीचा टेलिफोन नंबर आठवला होता. पूर्ण, एकही आकडा न चुकता. फोन केला, दोघी रडल्या, आता ते सगळं देसांकाला सांगितल्याशिवाय तिला चैन नव्हतं.

देसांका स्वेतोलिकला म्हणाली, "काका, तुम्ही खुंटीपाशी थांबा. मी आलेच."

तो थांबला. काकूचं बोलणं संपेना, देसांकाला ते संपावंसं वाटेना. आपण जे केलं त्याचं फळ ती कानांनी खात होती. मग स्पंज लावले, डबी सुरू झाली आणि बैठक सोडून उठता येईना. अर्ध्या तासानं ती बाहेर आली तेव्हा खुंटीखाली कुणी नव्हतं. म्हाताऱ्याची टोपी तेवढी खुंटीला होती.

ती खाली धावली. थांब्यावर वारा आणि एक कागदी पिशवी. ती मनाला म्हणाली, गेला असेल, रोजची वाट आहे.

तो गेला होता, पण दुसऱ्याच बसनं. शेवटच्या थांब्यावर उतरला, डॅन्यूबच्या काठी, जिथं उन्हाळ्यात लोक मासे पकडायला बसतात आणि नोव्हेंबरात कुणी फिरकत नाही. मंगळवारी सकाळी तिथल्या बाकावर सापडला. बसलेलाच. हात मांडीवर, तळवा वर, तळव्यावरची शाई पुसलेली.

४

बुधवारी दहाची खुर्ची रिकामी होती. देसांकानं सवयीनं त्याचेही स्पंज भिजवले होते. ते तसेच पाण्यात राहिले.

अकराला काकू आली. तिला म्हाताऱ्याचं कुणी सांगितलं नव्हतं. देसांकाही बोलली नाही. स्पंज लावला, पट्टा बांधला, आकडे घातले, त्याचेच आकडे. मेलेल्याच्या नावाची वीज सोडताना तिचं बोट क्षणभर अडलं, पण आता परत बदलायचे म्हणजे बदलले होते हे कबूल करायचं.

काकूचा त्या दिवशी साफ बोजवारा उडाला. जिथं दाबायचं तिथं गप्प, जिथं गप्प राहायचं तिथं दाबतेय. पण बावरलेली नव्हती. नेहमी तिची जीभ दातांत असायची, कपाळाला आठ्या असायच्या. आज ती शांत होती, ओळखीच्या रस्त्यानं चालावं तशी. आणि दाबायची ती ठामपणे, अंगठ्यानं. म्हाताऱ्याची ती खोड होती. काकू नेहमी तर्जनीनं दाबायची.

दुपारी डॉक्टर तियाना कागद बघून म्हणाली, "देसा मावशी, आजींचं आज काय बिनसलं? इतकं चांगलं चाललं होतं."

देसांका म्हणाली, वारा आहे, झोप झाली नसेल.

त्याआधी, बैठकीतून उठताना काकूनं कोट घातला, दारात थांबली आणि स्वतःशीच पुटपुटली, "पाच नंबर. पोस्टाजवळ."

देसांकानं स्वतःची समजूत घातली. काकू रोज बाहेरच्या बाकावर बसायची, म्हाताऱ्याचं घोकणं रोज ऐकायची. कानावर पडलेलं तोंडात येणारच. काकूला बसची गरजच नव्हती, घर दोन चौक सोडून. देसांकानं तिला हाताला धरून घरी नेलं. वाटेत काकू दोनदा बसथांब्याकडे वळली.

५

गुरुवारी त्याला पुरलं. मुलगी आली होती, नेवेंका तिचं नाव. डोळे सुजलेले, पण सगळं नीट करत होती. प्रत्येकाच्या हातावर गोड गव्हाचा प्रसाद देत होती. देसांकाचा हात धरून म्हणाली, "बाबा फोनवर सारखं सांगायचे. तिथं एक पोरगी आहे, ती मला सोडायला येते, तू काळजी करू नकोस."

देसांकानं तो गहू तोंडात न घालता मुठीत धरून ठेवला.

शवपेटी पुरण्याआधी उघडी ठेवली होती. कपाळावर संतांच्या चित्रांची कागदी पट्टी होती, रीतीप्रमाणं. लोक एकेक करून वाकत होते, पट्टीवर ओठ टेकवत होते. देसांकाही वाकली. थंड कागद, त्याखाली थंड कपाळ. ती सरळ झाली आणि ओठांवरून जीभ फिरवली.

खारट.

ती मागं जाऊन उभी राहिली. अश्रू असतील, तिनं स्वतःला सांगितलं. पण तिचे डोळे कोरडे होते, आल्यापासून कोरडे होते, त्याचीच तिला लाज वाटत होती. मग आधी वाकलेल्या कुणाचे असतील. नेवेंकाचे असतील. पण अश्रूंची चव वेगळी आणि मोजून घातलेल्या मिठाच्या पाण्याची वेगळी. चिमटीनं मीठ ओळखणाऱ्या बाईला ते वेगळं सांगावं लागत नाही.

तिनं पट्टीकडे पुन्हा पाहिलं. डावीकडे, खळग्याच्या दोन बोटं वर, कागद ओला होता.

६

शुक्रवारी डॉक्टर तियानानं तिला म्हाताऱ्याचं प्रकरण बंद करायला सांगितलं. तीन बैठका राहिल्या होत्या, आठवी, नववी, दहावी. प्रत्येक माणसाच्या अक्षरांच्या याद्या निराळ्या असत, आधीच करून यंत्रात ठेवलेल्या. न झालेल्या याद्या छापायच्या, त्यावर तिरकी रेघ मारायची आणि फायलीत लावायच्या.

देसांकानं आठवी यादी छापली. रेघ मारायला पट्टी ठेवली. आणि सवयीनं, हात चाललाय म्हणून डोळेही चालले, दाबायच्या जागा मोजायला लागली. चौथं अक्षर, नववं, दहावं, सोळावं.

तिनं पट्टी बाजूला ठेवली. काकूचा बुधवारचा कागद काढला. काकूनं चुकीचं कुठं कुठं दाबलं होतं? चौथ्याला. नवव्याला, दहाव्याला. सोळाव्याला.

ती दोन्ही कागद खिडकीपाशी घेऊन गेली, एकावर एक ठेवून काचेला लावले. शेवटपर्यंत. एकही खूण इकडची तिकडं नव्हती.

काकूनं चुका केल्याच नव्हत्या. तिनं बरोबर उत्तरं दिली होती, दुसऱ्याच्या यादीची. जी यादी कुणी पाहिली नव्हती, जी पडद्यावर कधी आली नव्हती.

देसांका हिशेबी बाई होती. म्हणाली, योगायोग. मग म्हणाली, यंत्रानं याद्या उलटसुलट केल्या असतील, आकडे बदलले तेव्हा. पण आकडे डबीचे, याद्या पडद्याच्या, दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

अकराला नववी बैठक झाली. तिनं म्हाताऱ्याची नववी यादी आधी पाहिलीच नाही, भीतीनं. नंतर जुळवली. तीही तशीच.

काकूला घरी नेलं तर ती स्वतःच्या दारापुढं उभी राहिली. किल्ली हातात होती. दाराकडे परक्यासारखी बघत म्हणाली, "हे कुणाचं गं घर, देसा?" बहिणीचा नंबर विचारला तर तिला बहीण आठवायला वेळ लागला. जेवढं दुसऱ्याचं येत होतं, तेवढं तिचं जागा करून देत होतं. अजून एक बैठक राहिली होती. देसांकानं ठरवलं, सोमवारच्या आत डॉक्टरला सगळं सांगायचं. मग ठरवलं, रविवारी फोन करू. नोकरीला सहा वर्षं उरली होती.

७

शनिवारी ती काकूला घेऊन चर्चमध्ये गेली. पुरल्यानंतरचा पहिला शनिवार. म्हटलं मेणबत्ती लावू, मन हलकं होईल. तिथं मेणबत्त्यांना दोन कप्पे असतात, वर जिवंतांसाठी, खाली गेलेल्यांसाठी. शेंबड्या पोरालाही ते कळतं. काकू तर साठ वर्षं लावत आलेली.

देसांकानं दोन मेणबत्त्या घेतल्या. एक स्वतः खालच्या वाळूत रोवली. दुसरी काकूच्या हातात दिली आणि हळूच सांगितलं, स्वेतोलिककाका गेले, त्यांच्यासाठी लाव.

काकूनं ज्योत पेटवली आणि वरच्या कप्प्यात लावली.

"काकू, खाली. गेलेल्यांची खाली."

काकूनं तिच्याकडे असं पाहिलं, जसं खानावळीत दुसऱ्यांदा वाढून मागणाऱ्या पोराकडे ती पाहायची. "मला शिकवतेस होय? त्यांची अजून एक बैठक राहिलीय."

देसांकानं ती मेणबत्ती उचलून खाली लावायला हात पुढं केला. लावली नाही. ती वरच जळत होती, खालची विझली होती. वाऱ्यानं. दार उघडं होतं.

रविवारी तिनं फोन केला नाही.

८

सोमवारी दहावी. रात्रभर तिनं ठरवलं होतं, आज काकूला आणायचंच नाही. पण काकू सकाळी दहाला स्वतःच येऊन बसली होती, अकराची असून. दहा ही म्हाताऱ्याची वेळ.

देसांकानं स्पंज लावले. पट्टा बांधला. डबीपाशी आली आणि या खेपेला तिनं काकूचे स्वतःचे आकडेही घातले नाहीत, म्हाताऱ्याचेही नाहीत. डबी चालूच केली नाही. दिवा लागला नाही, वीज निघाली नाही. पडदा तेवढा सुरू केला, कारण पडदा सुरू झाला नाही तर काकू उठणार नाही, हे तिला कसं कोण जाणे कळलं होतं.

मांडीवर म्हाताऱ्याची दहावी यादी घेऊन ती मागं बसली. बोट पहिल्या अक्षरावर. पडद्यावर काकूची अक्षरं येत होती, कागदावर त्याची होती. कागदावर दाबायची जागा आली.

टक्.

बोट पुढं सरकलं. सातवं. टक्. आठवं नाही. अकरावं. टक्. खोलीत दुसरा आवाज नव्हता. ती मनात म्हणत होती, आता चूक, एकदा तरी चूक. टक्. अंगठा पडतच होता. शेवटचं अक्षर पडद्यावर येऊन गेलं, पडदा पांढरा झाला. काकूची यादी म्हाताऱ्याच्या यादीपेक्षा एका अक्षरानं आखूड होती. कागदावर एक जागा उरली होती.

पांढऱ्या पडद्यापुढं अंगठा पडला. टक्.

देसांका उठली. पट्टा सोडला, स्पंज उचलला. खाली कपाळ कोरं होतं, पिठासारखं. तिनं श्वास सोडला, पुसायला फडकं घेतलं आणि काकूचे पांढरे केस मागं सारले.

दोन बोटं वर, केसांच्या रेषेत, जिथं कधी स्पंज टेकला नव्हता, तिथं लाल चौकोन होता. ताजा. ओला.

काकूनं मान वळवली नाही. पडद्याकडेच बघत, अगदी साध्या आवाजात, तक्रारीचा सूरही नाही, म्हणाली, "पोरी, आलेच म्हणालीस. मी खुंटीपाशी उभा होतो."

९

त्यानंतर देसांकानं सगळं सांगितलं. काकूला बाहेरच्या बाकावर बसवून सरळ डॉक्टर तियानाच्या खोलीत गेली, दार लावलं आणि उभ्यानं बोलली. आकडे कधी बदलले, का बदलले, त्या सोमवारी काय झालं. याद्यांचं आणि कपाळाचं मात्र बोलली नाही, ते तोंडातून निघेना. एवढंच म्हणाली की म्हाताऱ्याच्या वाट्याची वीज मी काढून घेतली, म्हणून तो वाट चुकला.

तियाना देसांकाला मुलगी शोभेल अशा वयाची. ती ओरडली नाही, ओरडली असती तर बरं झालं असतं. उठली, कपाटातून पाकीट काढलं, फोडलं, कागद वाचला. मग पुन्हा वाचला.

"मावशी, तुम्हाला कुणी सांगितलं की लाल झालं म्हणजे खरी वीज?"

देसांका म्हणाली, एकोणीस वर्षं बघतेय.

"पट्टा आवळला तरी लाल होतं. मिठानं होतं. कुणाची कातडीच तशी असते, आणि कुणाची कशानंच लाल होत नाही." तिनं कागद टेबलावर ठेवला. "खरे आकडे विदोसावा आजींचे होते. स्वेतोलिककाकांचे खोटे. तुम्ही बदललेत म्हणजे खरी वीज काकांना मिळाली. तिसऱ्या बैठकीपासून. आजींना काहीच मिळालं नाही."

"पण ती सुधारत होती."

"सरावानं सुधारतात माणसं. आपल्यासाठी कुणी जीव टाकतंय म्हटलं की आणखी सुधारतात." तियानानं चष्मा काढला. "मला हे वर कळवावं लागेल. तुम्हाला या खोलीत परत येता येणार नाही. पण त्यांच्या जाण्याचं ओझं डबीवर टाकू नका. डबीनं त्यांचं काही काढून घेतलं नव्हतं."

तिनं ते समजूत घालायला म्हटलं होतं. डबीनं नाही. मग उरलं काय? एक खुंटी, एक टोपी आणि दोन शब्द, मी आलेच. आणि काकू. आठ बैठका जिच्या कपाळावर रिकाम्या तारा बांधल्या. त्या तारांतून काहीच जात नव्हतं म्हणतात.

१०

बाहेर काकू बाकावर बसली होती, डोक्याला रुमाल बांधून. चेहरा तिचाच, डोळे तिचेच. "किती वेळ गं? माझे पाय बधिर झाले." बैठकीचं विचारलं तर म्हणाली, काय की, झोपच लागली वाटतं. बहिणीचं नाव लगेच सांगितलं. देसांकानं रुमाल वर करून पाहिलं नाही.

खुंटीला टोपी अजून होती. नेवेंकाला द्यायची राहून गेली होती. देसांकानं ती उचलली आणि का कोण जाणे, खिशात न घालता हातात धरली. दुसरं कोपर तिनं अंगापासून जरा लांब ठेवलं, रोज ठेवायची तसं.

जिन्यावरून ती उतरली ती म्हाताऱ्याच्या चालीनं. एक पायरी, थांबायचं. एक पायरी, थांबायचं. काकू पुढं जाऊन मागं वळून बघत होती. "तुझे गुडघे गेले का माझ्या आधी?" देसांकाच्या कोपराला वजन होतं. फार नाही. म्हाताऱ्या माणसाचा हात असतो तेवढं.

थांब्यावर कोशावा. बस आली, दार उघडलं. देसांका दाराला भिडून उभी राहिली, कोपर दाराकडे धरून. ड्रायव्हरकडे तिला बघवेना, तिनं मान खाली घातली. हलक्या आवाजात म्हणाली, पोस्टाजवळ. ड्रायव्हरला ऐकू गेलं की नाही, देव जाणे. कोपरावरचं वजन क्षणभर वाढलं, दांडा धरायच्या आधी माणूस जोर घेतो तसं, आणि मग सुटलं. हात एकदम हलका झाला. टोपीही हातात नव्हती.

दार मिटलं. बस निघाली, वळणावर गेली.

देसांकाच्या डोळ्यांतून आता पाणी आलं, आठवड्यात पहिल्यांदा. आले, शेवटी आले मी, तिनं मनात म्हटलं. छाती इतकी मोकळी झाली, की बाजूला काकू आहे हेही ती विसरली.

काकू वळणाकडे बघत होती. रुमालाची गाठ घट्ट करत तिनं सहज विचारलं, "पाच नंबरच होती ना गं ती?"

देसांकानं तोंड उघडलं. बस आली होती, निळी होती, दार उघडलं होतं. त्याच्या आधी काय पाहिलं? काचेवर, दिव्यांच्या वर, आकडा असतो. ती बस आत्ता, अर्ध्या मिनिटापूर्वी, तिच्यासमोर उभी होती.

तिला आठवेना.